फास्ट गाडीचं इंजिन बसलं? वर्कशॉपचा पाना लागायच्या आधी हे वाचा

उंब्रज सोडलं आणि मीटरमध्ये लाल दिवा लागला, तेलाच्या किटलीचा. रविवारची दुपार, कोल्हापूरहून साताऱ्याला चाललेलो, बायको शेजारी झोपलेली, मागं पोरगं मोबाईलवर. मी काय केलं, तर म्हटलं तीस-पस्तीस किलोमीटर तर राहिलेत, हळूहळू नेऊ घरापर्यंत. काशीळच्या अलीकडं खालून टकटक सुरू झाली, टकटकची खडखड झाली, आणि मग एकदाच ठॅक. गाडी गप्प. बायको उठून म्हणाली, आलं का घर?

गाडी कुठली ते सांगत नाही आणि वर्कशॉपचंही नाव घेत नाही, कारण आमचं प्रकरण तडजोडीत मिटलंय. एवढंच सांगतो की टर्बो पेट्रोल, बावीस लाखाची, नवीकोरी घेतलेली, ३८ हजार किलोमीटर, सगळ्या सर्व्हिस कंपनीतच, वर एक्स्टेंडेड वॉरंटी. म्हणजे कागदावर मी एकदम सेफ. तरीपण पाच महिने घासलो, कारण पहिल्या दोन दिवसात मी ज्या चुका केल्या त्याच पुढं माझ्या अंगावर आल्या. नंतर सांगलीच्या मावसभावाच्या गाडीचं असंच झालं, तेव्हा त्याला फोनवर एकेक स्टेप सांगत गेलो. त्याचंच हे लिहून काढलंय, जरा सविस्तर.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. इंजिन गेलं हे कुणीच नाकारत नाही, ते तर समोर दिसतंय. भांडण असतं ते का गेलं यावर. कंपनी म्हणणार तुम्ही रेव्ह मारली (इंजिन नको तेवढं फिरवलं), ऑइल बघितलं नाही, रिमॅप केला (सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवली). तुम्ही म्हणणार पार्टच खराब होता. आणि याचा पुरावा कुठं असतो तर संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) काळ्या तेलात, फिल्टरच्या घड्यांत, बेअरिंगच्या चिपांवर आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, मेमरीत. या चारही वस्तू वर्कशॉपमध्ये एका दुपारात गायब होऊ शकतात, कुणाची वाईट नियत नसतानाही, नेहमीची साफसफाई म्हणून.

रस्त्यावर असताना

लाल ऑइल दिवा म्हणजे ऑइल कमी झालंय असं नाही, ऑइलचं प्रेशर गेलंय. पिवळा दिवा लेव्हलचा, तो पंपापर्यंत थांबू शकतो, लाल थांबत नाही. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये जे बेअरिंग असतं तिथं धातूला धातू लागत नाही, मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, केसापेक्षाही पातळ. प्रेशर गेलं की तो पापुद्रा तुटतो आणि त्या आरपीएमला बेअरिंग चाटायला काही सेकंद पुरतात. हळू चालवून फायदा शून्य. बाजूला घ्या, इंजिन बंद. आपल्या हायवेला सहापदरीच्या कामामुळं कडेला जागा मिळत नाही हे मान्य, पण न्यूट्रल टाकून जेवढी घरंगळते तेवढीच नेऊ द्या (चावी मात्र फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल).

मग मोबाईल काढा. मीटरचा व्हिडिओ: दिवे, किलोमीटर, टेम्परेचरचा काटा, वेळ. बॉनेट उघडून खाली तेल सांडलंय का, ब्लॉकला भोक पडलंय का त्याचे फोटो. दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, काढा आणि तिचा फोटो घ्या, मागं नंबर प्लेट दिसेल असा. हा एक फोटो माझ्याकडं असता तर अर्धं भांडण तिथंच संपलं असतं, कारण पुढं वर्कशॉपनं लिहून दिलं की गाडी आली तेव्हा ऑइल लेव्हल मिनिममच्या खाली होती. होती का नव्हती मला आजही माहीत नाही, राव. ज्या गाड्यांना डिपस्टिकच नाही, स्क्रीनवर लेव्हल दाखवतात, तिथं स्क्रीनचा फोटो.

परत स्टार्ट मारून बघू नका. क्रेनवाला म्हणेल मारा बघू एकदा, जमलेली चार माणसं म्हणतील, मेहुणा फोनवरून म्हणेल. मारू नका. पहिल्या वेळी एक बेअरिंग गेलं असेल तर दुसऱ्या वेळी क्रँक जाईल आणि तिसऱ्या वेळी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊन रामराम करेल, आणि सुरुवात नेमकी कुठून झाली ते त्या चुऱ्यात कुणालाच सापडणार नाही.

हायवेला असाल तर १०३३ ला फोन करा, टोलनाक्याची क्रेन येते, तासवडे आणि आनेवाडीच्या मधल्या पट्ट्यात मला पाऊण तास लागला. ती गाडी फक्त बाजूला काढून देते, पुढं नेण्यासाठी फ्लॅटबेडच मागवा. ऑटोमॅटिक गाडीची पुढची चाकं जमिनीला लावून ओढली की गिअरबॉक्सचं वेगळं बिल तयार.

जॉब कार्ड ही सगळ्यात महत्त्वाची जागा

सोमवारी सकाळी मी वर्कशॉपला फोनवर सांगितलं, "बघा काय झालंय ते," आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी गेलो तर इंजिन खाली उतरवलेलं, संप उघडा, ऑइल ड्रममध्ये ओतलेलं, त्या ड्रममध्ये आणखी वीस गाड्यांचं ऑइल, आणि फिल्टर कचऱ्यात. ॲडव्हायझर पोरगा चांगला होता, म्हणाला सर तुम्हीच तर म्हणालात बघा म्हणून. खरंच होतं की.

तर जॉब कार्डवर, म्हणजे गाडी जमा करताना तक्रार लिहितात त्या कागदावर, काय लिहायचं. "गाडी स्टार्ट होत नाही" असं ते लिहितात, तसं लिहू देऊ नका. "चालू गाडीत ऑइल प्रेशरची वॉर्निंग आली, इंजिनमधून ठोकल्याचा आवाज आला, इंजिन बंद पडले, त्यानंतर स्टार्ट केलेली नाही" असं लिहायला लावा. खाली स्वतःच्या अक्षरात अजून दोन ओळी: मालकाच्या हजेरीशिवाय इंजिन उघडू नये. ऑइल, फिल्टर आणि काढलेले सर्व पार्ट मालकाच्या लेखी परवानगीशिवाय टाकू अथवा पाठवू नयेत. सही, तारीख, वेळ, फोटो. सिस्टीममध्ये टाइप होत नाही म्हणतील, तर प्रिंटवर पेनानं लिहा, आणि तोच मजकूर ईमेलनं त्याच दिवशी पाठवा.

इंजिन उघडायची मजुरी कुणाची हे पण आधीच विचारा. बऱ्याचदा वॉरंटी मंजूर झाली तर कंपनीची, नाही झाली तर तुमची, आणि हा आकडा फास्ट गाड्यांत चाळीस-पन्नास हजारावर सहज जातो. आकडा लिहून घ्या. कोऱ्या एस्टिमेटवर सही करायची नाही हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण मी केली होती.

बॅटरी काढायच्या आधी स्कॅन. हे मी मावसभावाला तीनदा बजावलं. फॉल्ट कोडची पूर्ण प्रिंट मागा, नुसता कोड नको, त्यासोबत फ्रीझ फ्रेमचा डेटा पण, म्हणजे कोड आला त्या क्षणी आरपीएम किती, टेम्परेचर किती, स्पीड किती. बऱ्याच परफॉर्मन्स गाड्या इंजिन रेडलाईनच्या (आरपीएमच्या कमाल हद्दीच्या) वर किती वेळा गेलं ते लक्षात ठेवतात, पोर्शेमध्ये तर त्याच्या सहा रेंज असतात आणि जुनी गाडी घेणारे तो रिपोर्ट आधी मागतात. यात एक समजून घ्या. ॲक्सिलरेटर दाबून तुम्ही कितीही रेव्ह मारा, लिमिटर फ्युएल तोडतो, म्हणून "तुम्ही जास्त रेव्ह मारली" हा आरोप तेवढ्यानं टिकत नाही. पण मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथं लिमिटर काही करू शकत नाही. असं झालं असेल तर ते मेमरीत असतं, आणि नसेल तर तीच प्रिंट तुमच्या बाजूची.

रिमॅपचं काय? केला असेल तर लपवू नका. गाडी वर्कशॉपला जायच्या आदल्या रात्री परत स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ, फाईल टाकून आणणारे बहाद्दर मला माहितीयत, पण ईसीयूत कितीवेळा फ्लॅश झालंय त्याची नोंद राहते आणि फोक्सवॅगन गटाच्या सिस्टीममध्ये तर ट्यून केलेल्या गाडीला टीडी१ म्हणून कायमचा शिक्का बसतो. एकदा खोटं पकडलं गेलं की तुमची बाकीची खरी गोष्टही कुणी ऐकत नाही. माझ्या मते रिमॅप करताना वॉरंटी गेली असं समजूनच करायचा, नंतर रडायचं नाही.

ऑइलचं सॅम्पल

जुना फिटर बोटाला तेल लावून उन्हात धरतो, सोनेरी कण दिसले की म्हणतो बेअरिंग गेलं. तो चूक नसतो. पण त्याचं बोट ग्राहक आयोगासमोर चालत नाही, लॅबचा कागद चालतो.

तुमच्यासमोर ऑइल काढायला सांगा, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेतलं दोन स्वच्छ बाटल्यांत घ्या, पाव-पाव लिटर पुरे. पाण्याची वापरलेली बाटली नको, मेडिकलमधून नवी कोरी आणा. तोंडाला टेप, टेपवर तुमची आणि ॲडव्हायझरची सही, गाडी नंबर, तारीख. सही देत नसेल तर बाटली भरतानाचा सलग व्हिडिओ, कट न करता. एक बाटली लॅबला, एक घरी. फिल्टरपण सीलबंद पिशवीत. फिल्टर कापून उघडला की घड्यांमध्ये अडकलेली चमक दिसते, ती कधीकधी ऑइलपेक्षा जास्त बोलते, पण कापायचा तो दोघांसमोर, व्हिडिओत.

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या ऑइल टेस्टिंग लॅब पुण्याकडं आहेत, कुरिअरनं सॅम्पल घेतात. रिपोर्टमध्ये कुठला धातू किती ते येतं आणि तो असा वाचायचा: शिसं, कथील, तांबं वाढलं तर बेअरिंग. ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टन, काही इंजिनांत बेअरिंगपण ॲल्युमिनियमची असतात, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा. लोखंड म्हणजे सिलिंडर, क्रँक, चेन यापैकी काहीतरी. सिलिकॉन वाढलं म्हणजे बहुतेक धूळ आत गेली. आपल्याकडं ऊसतोडीच्या दिवसात कच्च्या रस्त्यांवर जी धूळ असते त्यात आवाजासाठी बसवलेला उघडा कोन फिल्टर घेऊन फिरणाऱ्यांनी हा आकडा बघून घाबरावं. सोडियम-पोटॅशियम सापडलं तर कूलंट तेलात मिसळतंय. आणि फ्युएल डायल्यूशन किती टक्के तेपण मागा, पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झालं असेल तर बेअरिंग का गेलं याचं उत्तर तिथंच मिळू शकतं.

इंजिन उघडताना तिथं उभं राहा

सुट्टी टाका. सोबत एखादा ओळखीचा, इंजिन उघडून बघितलेला मेकॅनिक न्या, कुपवाड एमआयडीसीत नाहीतर साताऱ्यात असे जुने लोक आहेत जे जर्मन गाडीपण ट्रॅक्टरइतक्याच शांतपणे खोलतात. वर्कशॉप आत सोडत नाही म्हणेल, तर काचेतून बघू पण बघणार, असं सांगा.

उघडलं की कुठल्या गोष्टी कशाकडं बोट दाखवतात ते थोडक्यात. सगळीच बेअरिंग सारखी घासलेली, निळसर पडलेली असतील तर तेलच मिळालं नाही, म्हणजे लेव्हल, पंप किंवा पिकअपची जाळी. मग पंप आणि जाळीचेही फोटो घ्या, कारण पंप मेला असेल तर तो तुमचा दोष नाही. एकच बेअरिंग फिरलंय आणि बाकीची चकाचक आहेत तर शंका त्या एका जागेवर: बोल्ट, क्लिअरन्स, त्या जर्नलचं (बेअरिंग बसतं त्या क्रँकच्या भागाचं) तेलाचं भोक. माझं असंच होतं, तिसरा सिलिंडर, बाकी तीन ठणठणीत, आणि हा फोटो मात्र मी सुदैवानं काढला होता. पुढं जे काही मिळालं ते याच फोटोवर.

पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटली असेल तर ते डिटोनेशन (सिलिंडरमधला बेताल भडका) किंवा एलएसपीआय. हे एलएसपीआय टर्बो डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी नीट समजून घ्या, कारण आपल्या घाटात ते हमखास घडवता येतं. यवतेश्वर चढताना किंवा खंबाटकीत गाडी चौथ्यात १५०० आरपीएमला आहे आणि आपण गिअर न पाडता पाय पूर्ण दाबतो, टर्बो जोर लावतो, आणि सिलिंडरमध्ये स्पार्कच्या आधीच भडका उडतो. वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा. यासाठी ऑइलचं स्टँडर्डच बदललं गेलं, २०१८ ला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचं एसएन प्लस आलं आणि २०२० ला एसपी. मावसभावाच्या पिस्टनची कड तुटलेली होती, आणि त्याच्या शेवटच्या दोन सर्व्हिसच्या बिलांवर ऑइलचा ग्रेड जुना निघाला, वर्कशॉपनंच भरलेला. त्याची केस तिथं फिरली. म्हणून बिलावर नुसतं "इंजिन ऑइल" लिहून देतात ते घेऊ नका, ग्रेड आणि अप्रूव्हल नंबर छापून मागा.

चिकट काळा गाळ दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, तिथं भांडायला फारशी जागा नाही. आणि रॉड वाकलेला असेल, सिलिंडरच्या भिंतीवर कार्बनची रेघ नेहमीपेक्षा खाली सरकलेली असेल, तर पाणी गेलंय आत. त्यावर पुढं बोलू.

आपणच एकटे आहोत का ते शोधा

इंजिन गेलं की माणसाला वाटतं आपलंच चुकलं. पण परफॉर्मन्स इंजिनांचा इतिहास बघितला तर मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकाच जागी, एकाच पद्धतीनं इंजिनं गेलेली आहेत. बीएमडब्ल्यूची २००१ ते २००३ दरम्यानची एम३ घ्या, आठ हजार आरपीएमला जाणारं इंजिन, रॉड बेअरिंग जायला लागली, कंपनीला गाड्या बोलावून बेअरिंग बदलून द्यावी लागली. पोर्शेच्या जुन्या ९९६ आणि बॉक्स्टरमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं छोटंसं बेअरिंग अख्खं इंजिन घेऊन जायचं, अमेरिकेत मालकांनी एकत्र दावा लावला आणि २०१३ ला तडजोड झाली. २०१४ ला त्याच कंपनीच्या नव्या जीटी३ ला दोन ठिकाणी आग लागली, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत होते, तर कंपनीनं मालकांना सांगितलं गाडी चालवूच नका आणि सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. फोर्ड फोकस आरएसला हेड गॅस्केटचा त्रास, सकाळी थंड इंजिनला पांढरा धूर आणि कूलंट कमी, २०१८ ला कंपनीनं गॅस्केट बदलायची मोहीम काढली.

यातून घ्यायचं एवढंच की तुमच्या इंजिनाचा कोड शोधा, गाडीचं मॉडेल नाव नाही, इंजिन कोड. तोच कोड बाहेरच्या देशात कुठल्या गाडीत आहे ते बघा. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याकडं आलेल्या तक्रारी आणि कंपन्यांनी डीलरना पाठवलेली टेक्निकल बुलेटिनं कुणालाही फुकट बघता येतात. मात्र जपून, तोच कोड असला तरी इथं असेंबल झालेल्या गाडीत पिस्टन किंवा पंप दुसऱ्या सप्लायरचा असू शकतो, त्यामुळं बुलेटिन हे कंपनीला प्रश्न विचारायला वापरायचं, निकाल म्हणून नाही.

आपल्याकडं रिकॉलचा कायदा आला तो मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं, कलम ११०-अ, आणि नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू, दंड दहा लाखापासून एक कोटीपर्यंत. परिवहनच्या वाहन पोर्टलवर मालकाला दोषाची तक्रार नोंदवता येते. पण हा कायदा सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषासाठी आहे, म्हणून नुसतं "इंजिन गेलं" असं न लिहिता "हायवेला चालू गाडीत पॉवर गेली, मागून ट्रक होता" असं जे घडलं ते लिहा, खरंच घडलं असेल तर. एका तक्रारीनं काही हलत नाही, पण आकडा मोजला जातो, म्हणून करून ठेवा.

फोन बंद, ईमेल चालू

इथून पुढं तोंडी काही नाही. ॲडव्हायझरचा फोन आला तर बोलून झाल्यावर लगेच मेल: आपलं आत्ता असं असं बोलणं झालं. डीलर आणि कंपनीचं कस्टमर केअर दोघांनाही एकाच मेलमध्ये ठेवा, नाहीतर ते एकमेकांकडं बोट दाखवत राहतात आणि आपण कऱ्हाडच्या वर्कशॉपातून पुण्याला आणि पुण्यातून परत कऱ्हाडला. माझा पहिला मेल दोन पानी होता, त्यात माझा संताप, बायकोचा संताप, ग्राहक राजा वगैरे सगळं. उत्तर आलं तीन ओळींचं. नंतर एका वकील मित्रानं लिहून दिला तो असा होता:

"गाडी क्र. …, जॉब कार्ड क्र. …, दि. … रोजी … किलोमीटरला चालू गाडीत ऑइल प्रेशरची वॉर्निंग येऊन इंजिन निकामी झाले. सर्व सर्व्हिस आपल्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये वेळेत झाल्या आहेत, बिले जोडली आहेत. कृपया सात दिवसांत लेखी कळवावे: १) बिघाडाचे मूळ कारण व ते कोणत्या तपासणीवरून ठरवले, २) फक्त तिसऱ्या सिलिंडरचे बेअरिंग का गेले, ३) वॉरंटी नाकारत असल्यास वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली. तोपर्यंत काढलेला एकही पार्ट नष्ट करू नये."

संताप शून्य, पण तीन प्रश्न असे की उत्तर दिलं तरी अडचण आणि नाही दिलं तरी अडचण. दुसऱ्या प्रश्नावर त्यांचा एरिया मॅनेजर स्वतः साताऱ्याला आला.

"गुडविल" म्हणून काही टक्के देतो म्हणतील. त्याला लगेच नाही म्हणू नका, पण लेखी मागा आणि बरोबर जी "यापुढे कोणतीही तक्रार नाही" अशी चिठ्ठी येते ती वाचूनच सही करा. मी पार्ट त्यांचे, मजुरी माझी यावर मिटवलं. अजून ताणायला हवं होतं असं भावकीत सगळे म्हणतात, पण पाच महिने स्कूटरवर फिरणारा मी होतो.

इन्शुरन्स, आणि सांगलीकरांसाठी थोडं जास्त

साधी फुल इन्शुरन्स पॉलिसी इंजिन आपोआप बिघडलं तर देत नाही, अपघात, आग, पूर यासाठी ती असते. पण पुरातही एक खोच आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५, तेव्हा पार्किंगमध्ये बुडालेल्या कितीतरी गाड्या पाणी ओसरल्यावर मालकांनी स्टार्ट मारून बघितल्या. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, पाणी हलत नाही, रॉड वाकतो. सर्व्हेअर म्हणतो पाण्यानं इंजिन ओलं झालं ते आमचं, रॉड वाकला तो तुम्ही स्टार्टर मारल्यामुळं. इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन असेल तर बरंचसं वाचतं, फास्ट गाड्या बुटक्या असतात आणि बऱ्याच जणींचा हवेचा इनटेक खाली असतो, म्हणून सांगली-मिरजेत ते घ्याच. पाण्यात राहिलेली गाडी बॅटरी काढून, ढकलून फ्लॅटबेडवर, आणि सर्व्हेअर येईपर्यंत हात नाही लावायचा.

ग्राहक आयोग

आधी १९१५ ला तक्रार नोंदवा, फुकट आहे, कधीकधी तेवढ्यानंच कंपनीचा वरचा माणूस फोन करतो. नाही झालं तर वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टानं, पोच जपून. मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. गाडीला दिलेली रक्कम पन्नास लाखापर्यंत असेल तर जिल्हा, त्याच्या वर दोन कोटीपर्यंत राज्य आयोग, त्याच्या वर राष्ट्रीय. गाडी पुण्यात किंवा मुंबईत घेतलेली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत, तक्रार करता येते, हा नव्या कायद्याचा सगळ्यात मोठा फायदा. फी बघून हसू येईल, वीस ते पन्नास लाखाला हजार रुपये. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. मुदत बिघाड झाल्यापासून दोन वर्षं, आणि वर्कशॉपची "बघतो, कळवतो" त्या दोन वर्षांतच मोजली जाते.

डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. एकाला सोडलं की दुसरा म्हणतो जबाबदार तोच. गाडी फर्मच्या नावावर असेल तर "व्यावसायिक वापर" म्हणून हरकत घेतील, पण २०२४ ला सुप्रीम कोर्टानं कंपनीनं डायरेक्टरच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीबद्दल ग्राहकाच्या बाजूनं निकाल दिलाय, तो वकिलाला दाखवा.

मागणी काय करायची यात लोक चुकतात. गाडी नवी द्या, नाहीतर पूर्ण पैसे द्या. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ मध्येच सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की दोष असलेला पार्ट बदलून भागत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून पहिली मागणी नवीन इंजिन वॉरंटीसकट, नंतर गाडी बंद होती त्या काळातला खर्च, टोइंग, टॅक्सी, हप्त्यांवरचं व्याज, आणि पर्यायी मागणी म्हणून गाडी बदलून.

दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कायद्यात कलम ३८ खाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या, पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेचं नाव सुचवता येतं. इथं त्या सीलबंद बाटलीचं आणि पिशवीतल्या बेअरिंगचं मोल कळतं. मोबाईलमधले फोटो-व्हिडिओ द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायला लागतं, आणि ओरिजिनल फाईल फोनमध्ये राहू द्या, व्हॉट्सॲपवरून फिरलेली कॉपी नको. कायदा म्हणतो तीन महिन्यात निकाल, तपासणी असेल तर पाच. मावसभावाच्या तारखा चालूच आहेत, दर वेळी विश्रामबागेतून निघताना फोन करतो, मिसळ खायला येतोस का म्हणून.

इंजिन बदलून आल्यावर

हे कुणीच सांगत नाही. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि आरसीवर जुनाच राहिला तर पुढं इन्शुरन्स क्लेम, गाडी विकणं, सगळीकडं अडकता. वर्कशॉपकडून नव्या ब्लॉकचं बिल आणि पत्र घ्या, आपापल्या आरटीओत जाऊन, एमएच ११, ५० किंवा १०, नोंद बदलून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला मेल करा. बदललेल्या इंजिनाला वॉरंटी किती आणि कधीपासून तेपण लेखी.

मग रनिंग-इन. पहिले दीड हजार किलोमीटर ४००० आरपीएमच्या आत, एकाच स्पीडला तासभर धरून चालवायची नाही, पहिलं ऑइल लवकर बदलायचं आणि त्याचंही सॅम्पल ठेवायचं. दर दोन टाक्यांना डिपस्टिक, कारण काही जर्मन गाड्यांचं मॅन्युअलच म्हणतं की हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाल्लं तरी नॉर्मल, म्हणजे सर्व्हिसच्या मध्ये तुम्ही बघितलंच नाही तर संप कोरडा. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ लिहिलं असेल तर ९५ च, ९१ लिहिलेल्या गाड्यांना उगाच महाग पेट्रोल घालून काही मिळत नाही.

माझे बाराशे झालेत. काल यवतेश्वर चढताना तिसऱ्यात तीन हजारावर धरून निवांत चाललो होतो, मागून कासला निघालेली वडाप जीप हॉर्न मारमारून ओव्हरटेक करून गेली, आणि तिच्या मागच्या सीटवरचं एक पोरगं माझ्या गाडीवरचा बॅज वाचून हसलं. हसू दे. अजून तीनशे राहिलेत.